पुतण्या रानात, मी मंडईत

हे लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागायला हवी. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही, आणि स्वतःच्या आठवणी वगैरे लिहिण्याचा तर प्रश्नच नव्हता. आईला सही येते, ती सावकाश करते. दादा नववीतून उठला आणि गाडीवर गेला. मी एम.ए.ला मराठी घेतलं, तेव्हा चुलते म्हणाले होते, "मराठी तर आपल्याला येतंच की, त्याला कॉलेज कशाला?" त्याला मला अजून नीट उत्तर देता आलेलं नाही.

शिवाय जंगलावर लिहिणारी माणसं वेगळी. त्यांना पाखरांची नावं येतात, मातीतले ठसे कळतात. मला चितळ कुठलं आणि सांबर कुठलं हे दादाच्या पोरांबरोबरच शिकावं लागलं. आणि मी जे सांगणार आहे त्यात वाघ नाही. त्या दिवशी मी जंगलात नव्हतोच. माझा सहा वर्षांचा पुतण्या एका राष्ट्रीय उद्यानात हरवला होता, आणि मी पुण्यात, मंडईत, आईच्या गाळ्यापाशी हातात फोन धरून उभा होतो. एवढीच गोष्ट आहे. ती मला कधी नीट सांगता आली नाही, म्हणून लिहून बघतो. कुणाला हे आगाऊपणाचं वाटलं तर क्षमा करावी.

दादा तेव्हा एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलर चालवायचा. येरवड्याच्या पलीकडचं आमचं गाव महापालिकेत गेलं, शेताच्या जागी इमारती आल्या आणि बैल हाकणाऱ्या घरातला दादा स्टिअरिंगवर बसला. सुट्ट्या लागल्या की पुण्यातली कुटुंबं जंगल बघायला निघतात. मागच्या सीटा रिकाम्या राहिल्या आणि मालकाची ना नसली, तर दादा वहिनीला आणि दोन पोरांना बरोबर घ्यायचा. पोरांना सांभाळायला एक माणूस हवा म्हणून मीही जायचो. अशी तीन-चार राष्ट्रीय उद्यानं आम्ही बघितली. आमच्या वस्तीतल्या बाकीच्या पोरांनी तोवर पेशवे पार्कसुद्धा धड बघितलेलं नव्हतं.

लहान मुलांना घेऊन राष्ट्रीय उद्यानात जाणं म्हणजे काय, हे ते केलेल्यालाच कळतं. पहाटे त्यांना झोपेतून उचलायचं, माकडटोप्या घालायच्या, शालीत गुंडाळून उघड्या जिप्सीत किंवा वनखात्याच्या बसमध्ये बसवायचं. गाडी फाटकातून आत गेली की खाली उतरायचं नाही, खायचं नाही, बोलायचं नाही. आणि फाटक ओलांडल्याबरोबर धाकटी म्हणणार, "काका, शू." त्यासाठी मी रिकामी बाटली आणि एक डबा जवळ ठेवायचो. मोठी कॅमेऱ्याची नळकांडी लावून बसलेली माणसं आमच्याकडे बघायची. एका बाईंनी एकदा मला विचारलंच, "अहो, इतकी लहान मुलं आणायचीच कशाला? त्यांना घरी मांजर दाखवलं तरी चाललं असतं." गाडी दादा चालवत नव्हता म्हणून बरं, नाही तर त्यानं तिथेच ब्रेक मारला असता.

त्या बाईंचं ऐकून मी एक खेळ काढला. गाडी आत शिरली की तोंडाला कुलूप. जो आधी बोलेल तो माकड. धाकटी लगेच माकड व्हायची आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. पुतण्या मात्र कधी हरला नाही. एकदा त्याच्या हातावर मुंगळा चावला, तरी त्याच्या डोळ्यांतून नुसतं पाणी आलं. गाडी फाटकाबाहेर आल्यावर त्यानं हात पुढे केला आणि सांगितलं, "काका, हे बघ." मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. वर्गात तो बडबड्या म्हणून रोज मार खायचा. जंगलात तो असा काही गप्प बसायचा की गाईडसुद्धा म्हणायचे, पोरगं शहाणं आहे.

ज्या वेळची ही गोष्ट आहे त्या वेळी मी गेलो नाही. परीक्षा आठवड्यावर आली होती. उद्यान घाटमाथ्यावरचं होतं, गच्च झाडीचं. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांची काही चूक नव्हती. तिथे वाघ असल्याचं सांगतात पण तो दिसत नाही. गवे, अस्वलं, बिबटे आहेत. एका ठिकाणी मात्र गाडीतून उतरू देतात आणि गाईडबरोबर पायवाटेनं निरीक्षण मनोऱ्यापर्यंत चालत नेतात. पुतण्याला त्या मनोऱ्याचं फार होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं मला चारचारदा विचारलं होतं, "काका, तिथनं आपलं घर दिसंल का?"

मी अभ्यासिकेत बसलो होतो. उन्हाचा चटका कमी व्हायला लागला होता. फोन वाजला आणि अख्ख्या खोलीनं माना वर केल्या. अभ्यासिकेचे व्यवस्थापक म्हणजे निवृत्त शिक्षक. ते जागेवरूनच म्हणाले, "हा फोन आपला का? मग आपण आणि आपला फोन, दोघेही बाहेर जाऊन अभ्यास करा."

मी जिन्यात गेलो. नंबर कोडसकट होता, लँडलाइनचा. दादाचा आवाज ओळखू येईना.

"ऐक. आईला सांगू नको. पोरगं दिसंना."

"दिसंना म्हणजे?"

"मनोऱ्यावरनं सगळे उतरलो. तुझी वहिनी धाकटीला घेऊन झाडामागं गेली. तिला वाटलं पोरगं माझ्याकडं. मला वाटलं तिच्याकडं. मी गिऱ्हाइकांच्या बॅगा धरून पुढं चाललो होतो."

"कधीची गोष्ट?"

"जेवायच्या आधीची."

मी बाहेर उन्हाकडे बघितलं. जेवायची वेळ टळून किती तरी वेळ झाला होता.

"हाका मारल्या का?"

"पळत पळत वरडून घसा बसला माझा. गार्ड हायेत, खालच्या वाडीतली माणसं आलीत. ओळ करून चाललेत. एक जण हाक मारतो, मग सगळे गप उभे राहतात, उत्तर येतं का ऐकायला. मग चार पावलं पुढं आणि दुसरा मारतो. त्यांची पद्धतच हाय तशी. सगळेच वरडले तर पोराचा आवाज ऐकू येणार नाही ना. पण काहीच येईना रे. हितं मोबाईल लागत नाही, मी चौकीवरनं बोलतोय." त्याचा श्वास मला ऐकू येत होता. "तू कॉलेजात हायस. तुझ्या वळखीचा असंल एखादा साहेब. फॉरेस्टचा म्हण, पोलिसातला म्हण. वास काढणारी कुत्री असतात त्यांच्याकडं. लाव कुणाला तरी फोन. हितं झाडीत लवकर अंधार पडतो."

"लावतो," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि मोबाईलमधली नावं एकेक करून वर सरकवायला लागलो. वर्गातले मित्र. मेसवाले काका. चुलतभाऊ. गॅस. झेरॉक्सवाला. पुन्हा वर्गातले मित्र. घरच्यांना वाटायचं की मी रोज डेक्कनच्या पलीकडे जातो म्हणजे साहेब लोकांत ऊठबस करतो. दादानं माझी फी भरताना कधी तोंड वाकडं केलं नव्हतं, आणि आज पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे काही मागितलं होतं. माझ्या फोनमध्ये एकही साहेब नव्हता.

शेवटी माझ्या सरांना फोन लावला. ते दचकले, म्हणाले, "अरे बापरे. थांब, एकाला विचारतो, तो कोणाला तरी विचारेल." टेलिफोनच्या चौकशीला विचारून वनखात्याच्या एका कचेरीचा नंबर मिळवला. तिथला माणूस चांगलं बोलला, पण म्हणाला, "तिथल्या रेंजचे लोक शोधतायत ना? मग त्यांच्यावर सोडा. इथून आम्ही काय करणार?" बरोबरच होतं. पुण्यातून कोण काय करणार?

मला एकदम वाटलं की आपण एकटे राहू नये. आईला सांगायचं नव्हतं. तरीही पाय मंडईकडे वळले. चालताना मी फोन कानाशी धरून ठेवला होता, वाजत नसतानाही.

आई मंडईत पालेभाजी विकते. पहाटे मार्केट यार्डातून माल आणायचा, दिवसभर पाणी शिंपडत जुड्या ताज्या ठेवायच्या, संध्याकाळच्या गिऱ्हाइकाची वाट बघायची. शेजारच्या गाळ्यावर आलं, लिंबू, मिरची विकणारे एक चाचा बसतात. त्यांच्या वडिलांपासून ते तिथे आहेत. आईचं आणि त्यांचं दिवसातून दोनदा भांडण होतं आणि दोनदा चहा होतो.

"काय रे?" आई म्हणाली. "जेवला नाहीस?"

"सहज आलो."

"परीक्षा तोंडावर आन सहज?"

"चहा प्यायला आलो म्हण."

चाचा हसले. "ताई, विद्वान लोकांना मंडईचाच चहा लागतो."

आई हसली नाही. माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती. मेथीची जुडी तिनं खाली ठेवली आणि विचारलं, "कुणाचं काय झालं?"

आईला खोटं सांगणं मला कधी जमलेलं नाही. दादानं जे सांगितलं होतं ते मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती आता रडेल, ओरडेल, गाळा टाकून उठेल. तसं काही झालं नाही. ती एवढंच म्हणाली, "हाका मारतायत ना?"

"मारतायत की. वाडीतली माणसंसुद्धा आलीत."

"कशा मारतायत?"

"कशा म्हणजे? नावानं."

"आरं, एकच माणूस मारतोय का येगयेगळे?"

दादानं सांगितलेली पद्धत मी पुन्हा सांगितली. ओळ करून चालतात, एक जण एक हाक मारतो, सगळे थांबून ऐकतात, मग दुसरा.

आईचा हात पाण्याच्या तांब्यावर होता. तो तसाच राहिला.

"मग तो कसा दील ओ?" ती म्हणाली. "मीच सांगितलंय त्याला."

आईचं माहेर मावळातलं, डोंगराच्या पोटातलं. तिकडे गुरामागं जाणाऱ्या पोरांना पहिल्यांदा हेच शिकवतात. रानात चकवा असतो. तो आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतो आणि ओ दिली की वाट चुकवून खोल नेतो. पण त्याला दोनदाच हाक मारता येते, तिसरी जमत नाही. म्हणून रानात एका हाकेला ओ द्यायची नाही, दोन हाकांनाही नाही. एकाच आवाजात, एकाच जागेवरून लागोपाठ तीन हाका आल्या तरच समजायचं की माणूस आहे. पोरं निघायच्या आदल्या दिवशी आईनं नातवाला मांडीवर घेऊन भात भरवता भरवता हे सांगितलं होतं. तोंडावर हात ठेवून तीनदा म्हणून घेतलं होतं.

"आई," मी म्हणालो, "तो घाबरलेला असेल. सहा वर्षांचा आहे. तो कुठे हाका मोजत बसतोय?"

"तू नाही मोजल्यास? मामाच्या गावाला? मामानं दोनदा हाक मारून सोडून दिली, तर अंधार पडंस्तवर दरडीखाली बसून राहिला होतास. वर मामालाच भांडलास, तिसरी का नाही मारली म्हणून."

ते खरं होतं. पुढे पुस्तकं वाचायला लागल्यावर मी त्यावर हसायचो, मित्रांना गंमत म्हणून सांगायचो. पण दरडीखाली बसलो होतो तेव्हा मामाचा आवाज ओळखीचा होता म्हणूनच जास्त भीती वाटली होती, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. आणि आमचा पोरगा तर मुंगळा चावला तरी तोंड न उघडणारा. आजीनं त्याला हाकेला उत्तर देऊ नको म्हणून शिकवलं होतं आणि मी त्याला राष्ट्रीय उद्यानात आवाज करायचा नाही म्हणून शिकवलं होतं. त्यानं दोघांचंही ऐकलं असणार. कुठल्या तरी झुडपात बसून तो एकेकाची एकेक हाक ऐकत असेल, आणि प्रत्येक हाकेला आणखी आत सरकत असेल.

"लाव फोन," आई म्हणाली. "सांग त्यांना."

मी फोन हातात घेतला आणि थांबलो. चौकीवरच्या माणसाला काय सांगणार? तिथे सरकारी वर्दीतली माणसं दुपारपासून उन्हातानात शोधतायत, आणि पुण्याहून एम.ए.चा विद्यार्थी सांगणार की चकव्यामुळे मूल बोलत नाही?

"बेटा, विचार काय करतोस?" चाचा म्हणाले. "आमच्या अम्मीनं पण हेच शिकवलेलं. एका हाकेला ओ नाही द्यायची. भोरला होतो आम्ही लहानपणी. लाव."

तेवढ्यात कापडी पिशवी उघडून उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "कोथिंबीर मिळणार आहे, की आज इथे व्याख्यान ठेवलंय?"

"साहेब," चाचा त्यांच्याकडे वळले, "कोथिंबीर घ्या, आलं माझ्याकडून असंच घ्या, पण दोन मिनिटं तोंड बंद ठेवा. ताईंचा नातू हरवलाय जंगलात."

गृहस्थांनी पिशवी मिटली. पण गेले नाहीत, तिथेच उभे राहिले.

मी नंबर लावला. एंगेज होता. पुन्हा लावला. एंगेजच. तिसऱ्यांदा वाजला आणि बराच वेळ वाजत राहिला. मग कुणी तरी उचलला.

"नमस्कार," मी म्हणालो. "मी पुण्याहून बोलतोय. जो मुलगा हरवलाय त्याचा काका. मला त्या मुलाच्या एकंदर जडणघडणीविषयी थोडी माहिती द्यायची होती."

"कशाविषयी?"

"म्हणजे त्याच्यावर लहानपणापासून जे संस्कार..."

आईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"साहेब, मी पोराची आजी. नीट ऐका. माझ्या नातवाला मी शिकवलंय, रानात एका हाकेला ओ द्यायची नाही. तीन झाल्याशिवाय तो बोलणार नाही. तुमची माणसं एकेक मारतायत... होय, मला माहीत हाय तुमी सगळे दमलाय. पण असं नका करू. बाकीच्यांना गप करा. त्याच्या आईला उभी करा. एका जाग्यावर. तिनंच तीनदा मारायची, मधी कुणी बोलायचं नाही... चकवा वं, चकवा. तुमच्याकडं काय म्हणतात? ...हसा नंतर. आधी सांगा त्यांना."

पलीकडचा माणूस काय म्हणाला ते मला कळलं नाही. आईनं फोन माझ्या कानाला लावला. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला होता. लांबून खरखर ऐकू येत होती आणि त्यात तोच माणूस वायरलेसवर बोलत होता. "मनोरा पार्टी, मनोरा पार्टी... सगळ्या हाका बंद करा... हो, बंद... आईला घ्या पुढं... तीन... अरे तीन, तीन... एकाच जागेवरनं... कारण विचारू नका, पुण्याहून आजी सांगतायत..." मग पुन्हा खरखर, आणि फोन कट झाला.

मी परत लावला. लागलाच नाही. नुसतं टूं टूं.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. संध्याकाळचं गिऱ्हाईक यायला लागलं. मंडईतले दिवे लागले, आणि दिवे लागलेले बघून आई चटकन बाहेर आभाळाकडे बघायला गेली. इथे अजून उजेड होता. तिथल्या झाडीत काय असेल, हे दोघांच्याही मनात आलं.

"तिचा आवाज बसला असंल रे," आई परत येऊन म्हणाली. "दुपारधरनं वरडत असंल ती. तिसऱ्या हाकेपर्यंत दम निघाला पायजे."

"निघेल."

"आन मधीच कुणी दुसरा बोलला तर? पोरगं पुन्हा पयल्यापासनं मोजंल."

आई एका बाईला पालक देत होती आणि पैसे घ्यायचे विसरली. बाईंनी ते स्वतःहून तिच्या हातात ठेवले. आई मला म्हणाली, "मी चांगल्यासाठीच सांगितलं होतं." ती माझ्याशी बोलत होती, पण बघत दुसरीकडेच होती. "वाट चुकू नये म्हणून सांगितलं होतं."

"मला ठाऊक आहे."

"तुझी वहिनी काय म्हणंल मला?"

पिशवीवाले गृहस्थ अजून तिथेच होते. एवढा वेळ ते लिंबं निवडण्याचं नाटक करत होते. ते आईला म्हणाले, "आज्ञाधारक आहे तुमचा नातू. आमचे नातू तिसऱ्या काय, तेराव्या हाकेलाही येत नाहीत." मग आपण भलत्या वेळी बोललो असं त्यांना वाटलं असावं. ते घाईनं म्हणाले, "तसं नाही. सापडेल तो. जागा सोडून न हलणारं मूल सापडतं." आणि चष्मा पुसायला लागले.

फोन वाजला. माझा हात इतका घाईत गेला की फोन खाली मेथीत पडला. उचलून बघितलं तर वर्गातला मित्र. त्याला भाषाविज्ञानाच्या नोट्स हव्या होत्या. मी त्याला काय बोललो ते आठवत नाही. पुढे कित्येक दिवस तो माझ्याशी बोलला नाही, म्हणजे वाईटच बोललो असणार.

चाचांनी आईपुढे चहा ठेवला. तिनं तो घेतला नाही. तिनं दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले होते आणि ओठ हलत होते. मला आधी वाटलं देवाचं नाव घेतेय. जवळ जाऊन ऐकलं, तर ती नातवाचं नाव घेत होती. अगदी हळू, तीनदा. मग थांबायची. मग पुन्हा तीनदा.

मी वहिनीला डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. ती कधी मोठ्यानं बोलत नाही. घरात मला हाक मारायची तरी दारापर्यंत चालत येते आणि "भाऊजी" म्हणते. तिला आता एवढ्या परक्या माणसांच्या मध्ये उभं केलं असेल आणि सांगितलं असेल, मार हाक. पहिली मारली असेल. सगळे थांबले असतील. दुसरी मारली असेल. काहीच आलं नसेल. आणि तिला कुणी नीट सांगितलंच नसलं, की अजून एक राहिलीय, तर?

मी तसंच आईला विचारणार होतो, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. कोडसकट नंबर होता. या वेळी मी तो दोन्ही हातांनी धरला.

"पुण्याहून ना?" मघाचाच माणूस. "मघाच्या आजी आहेत का?"

"मी त्यांचा मुलगा. सांगा."

"हो हो, तुम्हीच ते संस्कारवाले." त्याच्या मागे वायरलेसची खरखर चालू होती आणि कोणी तरी मोठमोठ्यानं बोलत होतं. तो त्यांच्यावर ओरडला, "अरे गप बसा जरा!" आणि मग मला म्हणाला, "आजींना सांगा, मिळाला. मनोऱ्याखाली त्याच्या आईला उभं केलं होतं. दोन मारल्या आणि तिला रडूच फुटलं, मग तुमच्या भावानं तिच्या खांद्याला धरलं. तिनं तिसरी मारली तेव्हा वरच्या अंगाच्या करवंदीच्या जाळीतनं ओ आली. आमची माणसं त्याच जाळीजवळनं दोनदा गेलेली हो. काटे ओरबाडलेत, बाकी कुठं काही नाही. पाणी प्यायला. वडील उचलून घेत होते तर नको म्हणाला. चालत येतोय."